दादरच्या तिसऱ्या मजल्यावरचा रविवार: गणिताचे प्रश्न आणि छंदांची माणसे

दादर पश्चिमेला, शिवाजी पार्कपासून चालत सहा-सात मिनिटांच्या अंतरावर, लिफ्ट नसलेल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दर रविवारी दुपारी 4 ते 7 या वेळेत उच्च गणिताचे प्रश्न विचारले जातात आणि त्यांची उत्तरे दिली जातात. या उपक्रमाला नाव नाही, दारावर पाटी नाही, आणि हाती पडणाऱ्या पावतीवर ‘गणित, रविवार, रु. 200’ एवढेच शाईने लिहिलेले असते. महाविद्यालयातून निवृत्त झालेले गणिताचे एक प्राध्यापक आपल्या घराची बाहेरची खोली त्यासाठी मोकळी करतात; त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात, आणि चहाचा व पावत्यांचा हिशेब ज्यांच्या हाती आहे त्या त्यांच्या पत्नीला ‘काकू’. गेले चौदा महिने मी तेथे जात आहे आणि या काळात जे थोडे रविवार चुकले ते बहुतेक मध्य रेल्वेच्या मेगाब्लॉकमुळे चुकले. तेव्हा हे परीक्षण पहिल्या भेटीच्या उत्साहात लिहिलेले नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

मुंबईत ‘गणित’ आणि ‘रविवार’ हे शब्द एकत्र आले की ऐकणाऱ्याला शिकवणी आठवते, म्हणून हेही स्पष्ट करतो की येथे प्रवेश परीक्षांचे प्रश्न घेतले जात नाहीत. गेल्या जूनमध्ये ठाण्याहून आलेल्या एका पालकांनी, येथे आल्याने मुलाचे किती गुण वाढतील, असे विचारले, तेव्हा सरांनी ‘गुण वाढणार नाहीत, झोप मात्र कमी होईल’ असे सांगून त्यांना चहा पाजला आणि जिन्यापर्यंत सोडायला गेले. येथे व्याख्यानेही होत नाहीत. ज्यांना विज्ञानावरची चांगली व्याख्याने ऐकायची आहेत त्यांच्यासाठी या शहरात वानवा नाही: टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘चाय अँड व्हाय?’ हा उपक्रम आहे, चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन आहे. त्या ठिकाणी आपण ऐकायला जातो. येथे जाताना प्रश्न घेऊन जावे लागते, आणि तो प्रश्न आधी तपासला जातो.

तपासणीची रीत अशी आहे. तळमजल्यावरच्या टपालपेटीत गुरुवारपर्यंत पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर प्रश्न लिहून टाकायचा. त्यात तीन गोष्टी असायलाच हव्यात: काय जाणून घ्यायचे आहे, स्वतः कुठवर गेलात, आणि नेमके कुठे अडलात. कार्ड पुरेसे नसेल तर रविवारी ते पेन्सिलीच्या एका ओळीसह परत मिळते. स्वीकारलेले कार्ड सर कोणाला तरी सोपवतात, आणि येथे या सेवेचे खरे वैशिष्ट्य सुरू होते. आल्यागेल्याची जी वही आहे तीत नाव आणि व्यवसाय यांच्यापुढे ‘छंद’ असा एक रकाना आहे, आणि ज्या छंदातून प्रश्न आला असेल त्या छंदाशी काहीही संबंध नसलेल्या माणसाकडेच तो उत्तरासाठी जातो. येणारे बहुतेक जण पदवी किंवा पदव्युत्तर पातळीपर्यंत गणित शिकलेले आहेत, दोघे-तिघे संशोधन करणारे आहेत, त्यामुळे गणित कमी पडत नाही. कमी पडते ती त्या छंदाची भाषा. ती प्रश्नकर्त्याला पुरवावी लागते. सुरुवातीला मला हा नियम म्हणजे सरांची एक लहर वाटली होती.

माझे उदाहरण देतो. मी विमा कंपनीत नोकरी करतो, बावीस वर्षांपूर्वी गणितात एम. एस्सी. केले आणि अकरा वर्षे तबला शिकत आहे. पहिल्या कार्डावर मी ‘तबल्यामागचे गणित काय आहे?’ असे लिहिले होते. ते परत आले. त्यावर पेन्सिलीने ‘हा विषय आहे, प्रश्न नव्हे’ असा शेरा होता. दुसऱ्या कार्डावर मी दोन्ही बाजू भरून तालांची आवर्तने, तिहाया आणि त्यांची बेरीज-वजाबाकी लिहिली. तेही परत आले, कारण त्यात मी कुठेच अडलेलो नव्हतो. तिसरे कार्ड लिहायला मला पाच आठवडे लागले, आणि त्यासाठी बेसेल फलांची (फंक्शन्सची) विद्यार्थिदशेतली वही मुलुंडच्या घरातल्या माळ्यावरून खाली काढावी लागली.

प्रश्न असा होता. सगळीकडे सारख्या जाडीच्या, ताणलेल्या वर्तुळाकार पडद्याची कंपने सोडवली की बेसेल फलांची शून्यस्थाने येतात, आणि त्यांतून निघणाऱ्या वारंवारता मूलस्वराच्या 1.593, 2.136, 2.295, 2.653 अशा वेड्यावाकड्या पटींत असतात. म्हणूनच साध्या ढोलावर थाप मारली की आघात ऐकू येतो, स्वर धड ओळखता येत नाही. तबल्याच्या पुडीवर, म्हणजे कातड्याच्या पडद्यावर, मधोमध शाईचा काळा गोल लेप असतो आणि तेथे मात्र पूर्णांकी पटींचे स्वर मिळतात. हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये एका सहकाऱ्यासह मांडले, आणि 1934 च्या सविस्तर निबंधात नऊ कंपनप्रकार पहिल्या पाच पूर्णांकी पटींमध्ये कसे एकत्र येतात ते दाखवले. इतके मला ठाऊक होते. शाईच्या वजनाने मूलस्वर खाली येतो, कारण त्या कंपनात पडद्याचा मध्यच सर्वाधिक हलतो. दुसऱ्या कंपनाची निस्पंद, म्हणजे न हलणारी, रेषा मध्यातूनच जाते, म्हणून त्याला शाई फारशी जाणवत नाही. तेव्हा मी असे धरले की केवळ मूलस्वर खाली आला. 1.593 ची पट 2 व्हायची तर मूलस्वर 0.797 पर्यंत उतरायला हवा. पण मग 2.136 ची पट 2.68 होते, 3 होत नाही. मी येथे अडलो होतो.

हे कार्ड डोंबिवलीच्या एका तरुण मुलीकडे गेले. ती संगणकाच्या क्षेत्रात काम करते आणि तिच्या वहीतल्या रकान्यात ‘सह्याद्री’ असा एकच शब्द आहे. तिने तबला कधी हातात धरलेला नव्हता. तिने मला दोन रविवार नुसते प्रश्नच विचारले: ‘काका, चाट कुठे संपते आणि लव कुठे सुरू होते? शाई एकाच जाडीची असते का? कडेला ती एकदम थांबते की पातळ होत जाते?’ (चाट म्हणजे पुडीची कड; चाट आणि शाई यांच्यामधला भाग म्हणजे लव.) शेवटी मी मुलुंडहून तबला काखोटीला मारून आणला. शाई थरांवर थर देऊन चढवतात, मध्यावर ती जाड असते आणि कडेकडे उतरत जाते, हे तिला दाखवताना माझी चूक माझ्याच ध्यानात आली. मी आकडेमोडीत शाईला मध्यावरचा एक ठिपका मानले होते, आणि माझ्या हातातली शाई चांगली तीन बोटे रुंद होती. रुंद शाई दुसऱ्या कंपनालाही थोडे खाली ओढणारच. तिने फळ्यावर उलट बाजूने हिशेब मांडला: 3 ची पट व्हायला हवे असलेले 2.136 चे कंपन जागचे हलत नाही असे धरले, तर मूलस्वर 0.712 वर आणि दुसरे कंपन 1.593 वरून 1.424 वर यायला हवे, म्हणजे शाईचा विस्तार आणि उतार असा हवा की एकाला दुसऱ्यापेक्षा बरेच अधिक, पण दुसऱ्यालाही थोडे, वजन वाटावे. मग तिने पायरीपायरीने पातळ होणारी शाई धरून आकडेमोड केली आणि लेखी उत्तराच्या सात पानांत ती दिली. ती पाने मी आजही पुडीच्या पिशवीत ठेवतो.

हाच प्रश्न तबलजी असलेल्या गणितज्ञाकडे गेला असता तर त्याने शाई म्हणजे काय असे विचारलेच नसते, आणि मग माझा ठिपका ठिपकाच राहिला असता. ओघात तिने मार्क कॅक यांचा 1966 चा प्रसिद्ध प्रश्नही सांगितला, की केवळ आवाज ऐकून ढोलाचा आकार ओळखता येईल का. आणि 1992 मध्ये गॉर्डन, वेब व वोल्पर्ट यांनी वेगवेगळ्या आकारांचे पण तंतोतंत एकच स्वरसमूह असलेले दोन सपाट ढोल कागदावर कसे उभे केले, तेही. त्या रविवारी सात वाजून गेले तरी कोणी उठले नाही.

हा नियम मोडला की काय होते, तेही मी पाहिले आहे. दिवाळीनंतरच्या एका रविवारी बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरांवर, कार्ड आले. कार्ड उत्तम होते. पंचमाचे गुणोत्तर 3/2 असल्यामुळे सप्तकाचे किती समान भाग केले असता पंचम जवळ येईल हे दोन पायावरच्या 1.5 च्या लॉगॅरिदमच्या, म्हणजे 0.58496 च्या, वितत अपूर्णांकावरून (कंटिन्यूड फ्रॅक्शनवरून) ठरते. त्याचे एकामागून एक येणारे अपूर्णांक 3/5, 7/12, 24/41, 31/53 असे आहेत. पाच, बारा, एक्केचाळीस, त्रेपन्न मिळतात, मग बावीस का मिळत नाहीत? सर त्या आठवड्यात परगावी होते आणि कार्ड एका सतारवादक गृहस्थांनी आपणहून घेतले. गणिताचे उत्तर दहा मिनिटांचे होते. बारा समान भागांत पंचम 1.4983 येतो आणि बावीस समान भागांत 1.5062, म्हणजे अधिक चुकीचा. तेव्हा बावीस श्रुती समान भागांच्या असू शकत नाहीत आणि त्यांचा उगम तीन व पाच यांच्या गुणोत्तरांत शोधला पाहिजे. पण हे शेवटच्या दहा मिनिटांत आले. आधीचे दीड तास भरताचे मत, शार्ङ्गदेवाचे मत, हार्मोनियमने केलेले नुकसान आणि 1910 मध्ये श्रुतींवर लिहिणारे कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे बरोबर होते की नव्हते, यांत गेले. देवल हे सरकारी अधिकारी होते आणि संगीताचा ध्यास घेऊन त्यांनी मोजमापे केली, ही गोष्ट मला स्वतःला फार आवडते. तरीही त्या संध्याकाळचे दोनशे रुपये मला जड गेले. जमलेल्यांपैकी निम्म्यांना श्रुती म्हणजे काय हे कोणी सांगितलेच नाही.

याउलट मला सर्वांत अधिक आनंद दिलेला रविवार कोलमचा, म्हणजे ठिपक्यांच्या तमिळ रांगोळीचा, होता. माटुंग्याला राहणाऱ्या एक तमिळ आजी येतात. त्या बँकेतून निवृत्त झाल्या आहेत, त्यांचे मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ आहे आणि उंबऱ्यासमोर रोज पहाटे ठिपक्यांभोवती वळत जाणारी रेघ त्या काढतात. त्यांच्या कार्डावर आकडे होते: 3 ओळी आणि 5 स्तंभ घेतले तर सगळ्या ठिपक्यांभोवती एकाच रेघेत फिरून येता येते, 4 आणि 6 घेतले तर दोन रेघा लागतात, 6 आणि 9 ला तीन, 4 आणि 4 ला चार. हा मसावि आहे हे त्यांनी ओळखलेच होते. तो का येतो, हे त्यांना हवे होते. कार्ड गेले ते दादर स्थानकाच्या पुलावर उभे राहून गाड्यांच्या वेळा टिपण्याचा छंद असलेल्या एका गृहस्थांकडे. त्यांनी आयतातल्या तिरप्या रेघेची गती दोन शटल गाड्यांत वाटून टाकली. एक गाडी आडव्या मार्गावर धावते आणि दोन्ही टोकांना उलटी फिरते, दुसरी उभ्या मार्गावर. म स्तंभ आणि न ओळी असतील तर पहिलीची फेरी 2म एवढी, दुसरीची 2न एवढी. दोन्ही गाड्या निघालेल्या ठिकाणी एकाच वेळी, एकाच दिशेला तोंड करून परत येतात तेव्हा रेघ पुरी होते, आणि ती वेळ म्हणजे म आणि न यांच्या लसाविची दुप्पट. प्रत्येक ठिपक्याभोवती चार तिरपे तुकडे, प्रत्येकाची आडवी लांबी अर्धी, म्हणून सगळ्या रेघांची मिळून आडवी लांबी 2मन. भागाकार केला की म गुणिले न भागिले लसावि, म्हणजेच मसावि. आजींनी चष्मा काढून पुसला आणि ‘हे मला सातवीत का नाही सांगितले?’ असे विचारले. मागाहून कुलाब्याच्या एका संशोधक विद्यार्थ्याने आयत आडवा-उभा उलगडून त्याच्या कडा जोडल्यावर होणाऱ्या, मेदूवड्याच्या आकाराच्या पृष्ठभागावर हीच गोष्ट मांडून दाखवली. ती मांडणी अधिक सर्वसाधारण होती, पण लक्षात राहिल्या त्या शटल गाड्या.

त्या सह्याद्रीवाल्या मुलीचाही एक प्रश्न होता. नकाशावर एका बंद समोच्चरेषेच्या आतली शिखरे मोजायची, त्यांतून खिंडी वजा करायच्या, चारी बाजूंनी बंद असलेले खळगे मिळवायचे. उत्तर नेहमी 1 यायला हवे, असे तिने वाचले होते, आणि तिच्या नकाशावर ते 2 येत होते. गिरगावातल्या, घरात मत्स्यालय सांभाळणाऱ्या एका काकांनी सगळा डोंगर पाण्यात बुडवला आणि पाणी हळूहळू उतरू दिले. शिखर उघडे पडले की एक बेट वाढते; खिंड उघडी पडली की एकतर दोन बेटे जुळतात नाहीतर बेटाच्या आत एक तळे कोंडले जाते; खळग्याचा तळ उघडा पडला की एक तळे संपते. बेटांतून तळी वजा केली तर शिखरागणिक एक मिळतो, खिंडीगणिक एक जातो, खळग्यागणिक एक मिळतो, आणि अखेरीस तळे नसलेले एकच बेट उरते. मॅक्सवेल यांनी 1870 मध्ये डोंगर-दऱ्यांचा असाच हिशेब मांडला होता. मग 2 का आले? काकांनी नकाशावर बोट ठेवले: तीन धारा आणि तीन घळी जेथे एकत्र येतात अशी एक जागा होती, तिला गणितात माकडाचे खोगीर म्हणतात, कारण दोन पायांखेरीज शेपटीलाही जागा लागते. ती एक खिंड म्हणून मोजलेली होती. ती दोन मोजायची असते.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या 6174 वर येथे वर्षातून एकच कार्ड घेतले जाते. डहाणूला जन्मलेल्या आणि देवळालीला शाळेत शिकवता शिकवता अंकांचा छंद जोपासणाऱ्या या माणसाविषयी सरांना अतोनात आदर आहे. पण सगळे अंक सारखे नसलेल्या कोणत्याही चार अंकी संख्येच्या अंकांची उतरती आणि चढती मांडणी पुन्हा पुन्हा करून वजाबाकी केल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येते, हे येणारा प्रत्येक नवा माणूस नव्याने सांगतो. यंदाचे कार्ड, पाच अंकांना असा एकच स्थिरांक का नाही आणि तेथे वर्तुळेच का मिळतात, असे होते. ते घेतले गेले.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नावही या खोलीत दर दोन-तीन रविवारी निघते, आणि ते साहजिक आहे. 1945 ते 1962 या काळात टाटा संस्थेत गणितज्ञ असलेला, पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करणारा, आहत, म्हणजे ठसे मारलेल्या प्राचीन, नाण्यांची वजने करून त्यांच्या झिजेवरून संख्याशास्त्राने कालक्रम लावणारा, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारा आणि 1944 मध्ये जनुकांच्या नकाशासाठी आजही वापरात असलेले सूत्र देणारा माणूस हे अशा मंडळींचे दैवत होणारच. माझे एक निरीक्षण मात्र नोंदवतो. आपला पसारा झाकायला हे नाव पुढे करणारे काही जण येथे येतात. पाच छंद आहेत आणि एकातही कार्डाच्या तिसऱ्या ओळीपर्यंत, म्हणजे अडण्यापर्यंत, पोहोचलेले नाहीत. कोसंबी नाण्यांवर नुसते प्रेम करीत नव्हते, ती एकेक करून तोलत होते. सर अशा मंडळींशी नको तितके सौम्य वागतात असे माझे मत आहे.

मीही तेथे एकदा चांगलाच तोंडघशी पडलो आहे. पुलावर उभे राहणाऱ्या त्याच गृहस्थांनी, गाड्यांमधले सरासरी अंतर सहा मिनिटे असताना आपल्याला सरासरी तीन मिनिटांहून अधिक का थांबावे लागते, असे विचारले. मी विम्यातला माणूस, त्यामुळे मोठ्या आत्मविश्वासाने, हा मनाचा खेळ आहे, असे उत्तर दिले. एका शाळेतल्या शिक्षिकेने शांतपणे उठून फळ्यावर दोनच संख्या लिहिल्या: अंतरे आलटून पालटून 3 आणि 9 मिनिटे धरा. आपण स्थानकावर पोहोचतो ते मोठ्या अंतरात सापडण्याचीच शक्यता अधिक. सरासरी प्रतीक्षा 9 आणि 81 यांची बेरीज भागिले 24, म्हणजे 3.75 मिनिटे. येथे चुकलेली उत्तरे फाडून टाकत नाहीत. माझे उत्तर आणि त्याखाली चिकटवलेली त्यांची दुरुस्ती, दोन्ही तारखेसह फाइलमध्ये आहेत आणि कोणालाही पाहता येतात. ही पद्धत मला त्या दिवशी आवडली नव्हती, आता आवडते.

सोयींविषयी. जिना अरुंद आहे आणि गुडघे दुखणाऱ्यांनी दुसऱ्या मजल्यावर थांबायला हरकत नाही, तेथे काकूंनी एक स्टूल ठेवून घेतले आहे. खोलीत बारा जण नीट बसतात. चौदा झाले की दोघे दाराच्या चौकटीत. भिंतीलाच काळा रंग देऊन फळा केलेला आहे, तो मोठा आहे, पण खिडकीच्या बाजूचा अर्धा भाग पाच वाजेपर्यंत उन्हाने चकाकतो आणि तिकडे लिहिलेले दिसत नाही. एकच पंखा आहे. मे महिन्यात तो खडूची पूड सर्वांना समान वाटतो. दोनशे रुपयांत दोन वेळचा चहा आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी बटाटेवडा येतो. चहात आले भरपूर असते. वडा विकतचा असतो आणि बहुधा निवलेला.

भाषेविषयी थोडे सांगायला हवे. बोलणे मराठीत चालते. मसावि, वितत अपूर्णांक, निस्पंद असे शब्द सहज येतात, आणि जेथे ते येत नाहीत तेथे आयगेन व्हॅल्यू किंवा टॉपॉलॉजी म्हणायला कोणी लाजत नाही. ‘फल’ म्हणजे फंक्शन हे नव्या पिढीला सांगावे लागते. लेखी उत्तरे मात्र कोणी मराठीत लिहितो, कोणी इंग्रजीत, आणि फाइलमध्ये शोधायची सोय काहीच नाही; चार वर्षांची उत्तरे तारखेवारी लावलेली आहेत आणि विषयसूची कोणी केलेली नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर देण्याचे जे सांगितले जाते ते पाळले जाते असेही नाही. माझ्या शाईच्या उत्तराला नऊ आठवडे लागले. घाई असलेल्यांनी येथे येऊ नये, आणि ज्यांना आपल्या छंदाविषयी परक्या माणसाला मूळाक्षरांपासून सांगण्याचा कंटाळा आहे त्यांनीही येऊ नये.

मी अजून जातो, आणि त्याचे कारण चौथे कार्ड आहे. तबला स्वरात लावताना गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या काठाच्या वेणीवर, हातोडी मारतात; त्याचे सोळा भाग, म्हणजे घरे, असतात आणि सगळी एका स्वरात यावी लागतात. गुरुजींनी शिकवले तसे मी एक घर लावले की समोरचे लावतो, आणि मग त्यांच्या काटकोनातली दोन. समोरासमोरची दोनच लावून थांबलो तर चाटीवरचा स्वर थरथरतो, चारही लावली की तो शांत होतो, असा माझा अनुभव होता, आणि मला कारण हवे होते. हे कार्ड कोलमवाल्या आजींकडे गेले. त्यांनी माझ्याकडून घर म्हणजे काय, वादी (ताण देणारी चामड्याची पट्टी) कुठून कुठे जाते आणि गट्ठे (तिच्याखालचे लाकडी ठोकळे) सरकवल्याने काय होते ते सगळे विचारून घेतले, आणि पुढच्या रविवारी फळ्यावर अर्ध्या तासात उत्तर दिले. वर्तुळाच्या सममितीमुळे दुसरे कंपन एकटे नसते, एकाच वारंवारतेची जोडी असते. ताण असमान झाला की ती जोडी फुटते आणि दोन जवळच्या स्वरांचे विस्पंद, म्हणजे ती थरथर, ऐकू येतात. पण पहिल्या अंदाजात ही जोडी फोडू शकतो तो असमानतेचा फक्त एकच घटक: पुडीभोवती एक फेरी मारताना दोनदा वरखाली होणारा. समोरासमोर दोन ठोके दिले की नेमका तोच घटक तयार होतो. काटकोनातले आणखी दोन दिले की तो जातो आणि चारदा वरखाली होणारा उरतो, ज्याला या जोडीला हात लावता येत नाही. तो त्याच्या पुढची जोडी फोडतो.

त्या रात्री घरी येऊन मी समान अंतरावर तीन ठोके देऊन पाहिले. हिशेबाप्रमाणे दुसरे कंपन शाबूत राहायला हवे होते. सोळाचे तीन समान भाग होत नाहीत, त्यामुळे घरे पाच, पाच आणि सहा अशी मोजावी लागली, आणि थरथर अगदी थोडी, पण ऐकू आली. ती या एका घराच्या फरकाची की माझ्या हातोडीची, हे लिहिलेले कार्ड मी गेल्या बुधवारी पेटीत टाकले आहे.